ऑस्ट्रेलियाला काय नेता येतं

ब्रिटिश माणसांना ऑस्ट्रेलियात जाऊन कसं राहायचं ते मी शिकवत असे आणि त्याबद्दल मला पगार मिळत असे. आमच्या नातेवाइकांना हे कधी खरं वाटलं नाही. पुण्याची बाई, लग्न होऊन सिंगापूरला आलेली, ऑस्ट्रेलिया जिने टीव्हीवरच्या क्रिकेटपलीकडे पाहिलेला नाही, ती गोऱ्यांना सांगणार की पर्थची घरं हिवाळ्यात आतून गारठतात, तेव्हा स्वेटर वाटून टाकू नका. पण तसंच होतं. तांजोंग पगारला एका जुन्या शॉपहाउसच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली मांस भाजून देणारं कोरियन हॉटेल. दुपार कलली की तो वास जिन्याने वर यायचा आणि मी घरी गेले की सासूबाई मला आधी आंघोळीला पिटाळायच्या.

आमची कंपनी लोकांचं घरसामान एका देशातून दुसऱ्या देशात पोचवायची. खोकी बांधणारे वेगळे, कंटेनर भरणारे वेगळे. माझं काम गिऱ्हाइकासमोर बसून बोलण्याचं. बँकेत, विम्यात, तेलाच्या कंपन्यांत मोठ्या हुद्द्यावर आलेले हे ब्रिटिश लोक. सिंगापूरचा करार संपत आला की मायदेशी परतायची कल्पना त्यांना नकोशी व्हायची. तिथली थंडी नको, तिथले कर नकोत, तिथली घरं आता परवडत नाहीत. मग ऑस्ट्रेलिया. तिथे आपली भाषा आहे, नाण्यावर आपलाच राजा आहे, म्हणजे तो आपलाच देश, फक्त उन्हात वाळत घातलेला, असा त्यांचा समज. तो गोडीगुलाबीने काढून टाकायचा आणि वर चहा विचारायचा, हे माझं काम.

मी सांगायचे की फोटो बघून घर विकत घेऊ नका, आधी काही महिने भाड्याने राहा आणि तिथलं ऊन कुठल्या खिडकीतून येतं ते बघा. शाळेचं वर्ष तिथे जानेवारीच्या अखेरीला सुरू होतं, जूनमध्ये मुलांना शाळेतून काढून बसू नका. लंडनमधली तुमची ओळख तिथे कोणी विचारणार नाही, तेव्हा एखादी पायरी खालची नोकरी आली तर नाक मुरडू नका. हे ऐकताना ते माझ्याकडे असे बघायचे, जणू मी त्यांना त्यांच्याच घराचा पत्ता सांगते आहे.

मला सगळ्यात आवडायचं ते मातीचं प्रकरण. ऑस्ट्रेलियाला बाहेरची माती, बी, किडा यांचं भारी भय. बुटाच्या तळाला चिकटलेला चिखल, सायकलच्या चाकातलं गवत, व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीतली धूळ, नाताळच्या सजावटीतली झाडाची सुकी फळं, यातलं काहीही सापडलं तर अख्खं सामान अडकतं. एका साहेबाने गोल्फच्या बुटांवरून माझ्याशी तावातावाने वाद घातला. तुमची माती त्यांना नको आहे, एवढंच मी त्याला शांतपणे सांगितलं. गोऱ्या माणसाला हे वाक्य ऐकवायला मिळतं यात एक सुख होतं, ते मी नाकारत नाही.

एक बाई मात्र मला आवडली होती. इथल्याच ईस्ट कोस्ट भागात, एका खाजगी कॉन्डोत राहायची, दोन मुलं, एक म्हातारा कुत्रा. कुत्र्याची तयारी नवऱ्याच्या आधी झाली. त्याच्या लशी, रक्ताच्या तपासण्या, मेलबर्नजवळच्या सरकारी कोंडवाड्यात त्याला काढावे लागणारे दिवस, सगळं तिने तोंडपाठ केलं होतं. मग एकदा तिने जरा चाचरत विचारलं, की इंग्लंडात माझी आई एकटी असते, तिला कधीतरी कायमचं बोलावता येईल का. मी तिला नियम सांगितला. आईवडिलांना कायमचं न्यायचं तर ऑस्ट्रेलिया आधी त्यांची मुलं मोजतो. निम्मी तरी मुलं तिथे स्थायिक हवीत, नाहीतर दुसऱ्या कुठल्याही एका देशात असतील त्यापेक्षा तिथे जास्त हवीत. त्यापुढे रांग आहे, आणि ती लांबलचक आहे, पण रांगेत उभं राहायलासुद्धा हे गणित जमावं लागतं. त्या बाईला एकच भाऊ, तो इंग्लंडात. दोघांतली एक म्हणजे निम्मी. जमलं.

तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि विचारलं, ज्यांना जास्त भावंडं आहेत त्यांनी काय करायचं. ते आमच्याकडे येत नाहीत, मी म्हणाले. ती हसली, मीही हसले. आमचं ऑस्ट्रेलियाचं तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं.

आम्ही तोआ पायोहला भाड्याच्या सरकारी फ्लॅटमध्ये राहायचो. माझा नवरा आधी बोटीवर इंजिनियर होता. लेक झाल्यावर तो किनाऱ्यावर आला आणि जहाजांची देखभाल बघणाऱ्या कंपनीत लागला. त्याच्या एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, सगळं घर उभं. लेकीचा पास त्याच्या पासवर, आणि सासरे गेल्यावर पुण्याचं घर आवरून सासूबाई आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांचाही पास त्यावरच. सगळ्या घराचे कपडे एकाच खुंटीला टांगलेले. खुंटी निघाली की सगळंच जमिनीवर.

सासूबाईंना तिकडे करमणार नाही, असं आम्हाला सगळ्यांनी बजावलं होतं. त्या माझ्याआधी रुळल्या. मला इथे यायला जितकी वर्षं झाली होती तितकी वर्षं मी शेजाऱ्यांना मान हलवून पुढे जात होते. सासूबाई सकाळी पिशवी घेऊन बाजारात उतरायच्या आणि बोटं दाखवून भाव पाडायच्या. कांगकोंग नावाची इथली पालेभाजी त्यांनी डाळ-दाणे घालून, वर लसणीची फोडणी देऊन अशी काही केली की लेक दुसरी भाजी मागेना. हा इथला चाकवत, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. पुण्यात ज्या कधी एकट्या रिक्षात बसल्या नव्हत्या, त्या एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, लिटल इंडियाला जाऊन कढीलिंब घेऊन यायच्या आणि वर मला सांगायच्या की अगं, कार्डात पैसे भरायला हवेत.

खालच्या मजल्यावरच्या एका चिनी आजींशी त्यांची मैत्री होती. इमारतीच्या पायथ्याशी मोकळ्या जागेत दगडी टेबलं असतात, तिथे दोघी संध्याकाळी बसायच्या. एक मराठीत बोलायची, दुसरी तिच्या चिनी बोलीत. काय बोलायच्या कोण जाणे. पण एकदा त्यांचं भांडणही झालेलं आम्हाला कळलं, कारण सासूबाई काही दिवस खाली गेल्या नाहीत आणि मग एका संध्याकाळी त्या आजी संत्री घेऊन वर आल्या. आम्हा चौघांत सिंगापूर कोणाचं झालं असेल तर ते त्यांचं. सरकारच्या लेखी मात्र त्या नेहमी पाहुण्याच होत्या.

पाहुणे तर आम्हीही होतो. पीआरसाठी, म्हणजे कायमचं राहायच्या परवान्यासाठी, आम्ही पुन्हा पुन्हा अर्ज केले आणि दर वेळी गुळगुळीत भाषेत नकार आला. कारण सांगायची पद्धत नाही. मग नवऱ्याच्या कंपनीने काम थोडं थोडं करून दुसऱ्या देशात हलवायला सुरुवात केली. पुढच्या वेळी पास वाढेल की नाही हे कोणी छातीठोक सांगेना. लेक आठवीत. आणि नवऱ्याची पंचेचाळिशी जवळ येत होती. ती ओलांडली की आपलं कौशल्य ऑस्ट्रेलियाला नको असतं. त्याने गाजावाजा न करता अर्ज केला. बोटीवरच्या माणसांना तिकडे मागणी निघाली आणि उत्तर आलं. व्हिसा तिघांचा होता.

मी त्याला त्याच संध्याकाळी सांगितलं की आईंचं जमणार नाही. तो थोरला, धाकटा दीर पुण्यात, नणंद अमेरिकेत. तिघं तीन देशांत. गणित बसत नाही. तो चिडला. चिडायला समोर मीच होते.

"तुझं कामच हे आहे ना? गोऱ्यांसाठी मार्ग निघतात आणि माझ्या आईसाठी निघत नाही?"

मी शोधलं नाही असं नाही. आईवडिलांसाठी काही वर्षांपुरता एक वेगळा व्हिसा आहे, त्यात मुलं मोजत नाहीत. पण त्यासाठी मुलाने आधी तिथे बरीच वर्षं काढलेली लागतात. सासूबाई सत्तरी ओलांडून गेलेल्या. तोवर त्यांनी काय करायचं, हे त्या नियमात लिहिलेलं नाही. उरला पाहुण्यांचा व्हिसा. काही महिने यायचं, परत जायचं, पुन्हा तपासण्या, पुन्हा विमा, पुन्हा विमानतळावर खुर्चीत बसून राहायचं. हे सगळं मी त्याला नीट समजावून सांगितलं, गिऱ्हाइकाला सांगते तसं. बघू, तो म्हणाला. आमच्या घरात बघू म्हटलं की विषय संपतो.

मग आमचं जायचं लोकांना कळलं आणि सल्ले सुरू झाले. सल्ला देऊन पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला फुकट सल्ल्याचा जितका राग येतो तितका दुसऱ्या कोणाला येत नसेल. ईस्ट कोस्टच्या पार्कात आम्हा मराठी लोकांचं रविवारी जमायचं ठरलेलं असे. समुद्राकाठी शेगडीवर कणसं भाजायची, घरून आणलेले वडे खायचे आणि ऑस्ट्रेलियाबद्दल बोलायचं. तिथल्या प्रत्येकाचा एक मावसभाऊ मेलबर्नला होता. त्या मावसभावाच्या जिवावर सगळे माझ्याशी वाद घालायचे. एकाने सांगितलं, पाहुणी म्हणून न्या आणि तिथे आजारी पाडा, आजारी म्हातारीला कोण हाकलतंय. दुसऱ्याने सांगितलं, बहिणीशी संबंध तुटलेत असं दाखवा. तिसऱ्याच्या मते काही करायची गरजच नव्हती, आईंना पुण्यातच जास्त आवडेल, आपल्या माणसांत राहतील, भाजीवाला दारात येतो. हे बोलणाऱ्याची स्वतःची आई पुण्यात एकटी होती आणि त्याचं तोंड वड्याने भरलेलं होतं. सासूबाई तिथेच, चार हातांवर, लेकीला कणसाला लिंबू कसं चोळायचं ते दाखवत होत्या. त्यांना विचारावं असं एकालाही सुचलं नाही.

त्यातच कोणीतरी म्हणालं, बाकीचं होईल हो, पण देवांचं काय करताय. लाकडी देवघराला तिकडे फार कटकट होते. माझ्या नवऱ्याचा चेहरा उजळला, खरंच उजळला. कित्येक आठवड्यांत त्याच्यासमोर प्रथमच असा प्रश्न आला होता ज्याला उत्तर होतं.

सासूबाई इथे आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर देवघर आलं होतं. सागवानी, वर छोटा कळस असलेलं, सासऱ्यांनी हौसेने करवून घेतलेलं. त्यात कुलस्वामिनीचा आणि खंडोबाचा चांदीचा टाक, शाळीग्राम, शंख, घंटा, सासूबाईंनी माहेराहून आणलेली अन्नपूर्णा. माझ्या लग्नातले बाळकृष्ण आणि अन्नपूर्णाही त्यातच जाऊन बसले होते. नवरात्र आमच्याकडे, कुलाचार आमच्याकडे. धाकट्या दिराकडे भिंतीवर एक गणपतीचा फोटो होता, तेवढ्यावर त्यांचं भागायचं. थोरल्याकडे देव, हे आमच्याकडे इतकं गृहीत धरलेलं की त्याबद्दल कोणी कधी वाक्यसुद्धा बोललं नसेल.

मग देवांच्या प्रवासाची तयारी सुरू झाली. मी जे गोल्फच्या बुटांसाठी करत आले होते ते सगळं देवघरासाठी केलं. लाकडाला कुठे कीड लागल्याचं भोक नाही ना ते तपासून घेतलं. धुरीच्या प्रक्रियेला पाठवलं, तिचा दाखला आणवला. सुपारी चालणार नाही, नारळ चालणार नाही, तुळशीची माळ चालणार नाही, रुद्राक्ष आणि गंगेचा सीलबंद गडू यांच्या भानगडीत पडायचं नाही, असं एकेक बाजूला काढत गेले. नवरा संध्याकाळी घरी आला की आधी देवघराचं विचारायचा. दाखला आला का, कळस वेगळा बांधणार का. बरेच दिवस असं चाललं होतं. आईचं काय करायचं हा प्रश्न त्या घरात नव्हताच जणू. तो प्रश्न नवरा ऑफिसातून येताना पायातल्या बुटांबरोबर बाहेर काढून ठेवायचा आणि सकाळी घालून जायचा.

त्याने आईला एवढंच सांगितलं होतं, की आम्ही आधी जाऊन जम बसवतो, मग तुला बोलावतो. तोवर तू पुण्याला जरा राहून ये. राहून ये. जणू आठवडाभराचं माहेरपण.

सासूबाई सगळं बघत होत्या. सुपाऱ्या बाजूला निघाल्या तेव्हा त्यांनी त्या उचलून आपल्या डब्यात टाकल्या. एका दुपारी आम्ही दोघी कांगकोंग निवडत बसलो होतो. देठ मोडता मोडता, मान वर न करता त्यांनी विचारलं,

"मला खरंच येता येईल का गं? तो सांगायचा नाही. तू सांग, तुझं रोजचं काम आहे."

मी सांगितलं. निम्मी मुलं, एका देशातली जास्त मुलं, रांग, सगळं. त्या इंग्रज बाईला सांगितलं होतं तसंच, फक्त या वेळी मी भाजीकडे बघून बोलत होते. त्यांनी बोटांवर मोजून बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे दोनच असती तर चाललं असतं."

मी हो म्हणाले.

"धाकटीच्या वेळी हे नकोच म्हणत होते. मीच हट्ट धरला, मुलगी हवी म्हणून." आणि त्यांनी निवडलेली भाजी धुवायला घेतली. मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षाही संताप आला. नियम करणाऱ्यांचा आला, नवऱ्याचा आला, आणि अमेरिकेत बसलेल्या, हट्टाने जन्माला घातलेल्या त्या नणंदेचाही आला, जिचा यात खरं तर काही दोष नव्हता.

पुण्याला फोन झाले. दीर वाईट माणूस नाही. आईला नाही कसं म्हणणार, असं तो म्हणाला, पण सध्या, हा शब्द त्याने इतक्या वेळा वापरला की शेवटी सगळ्या बोलण्यात तेवढाच कानात राहिला. सध्या हॉलमध्ये त्यांची सोय करू. सध्या बायकोच्या नोकरीचं टेन्शन आहे. नणंदेने व्हिडिओ कॉलवर एका वृद्धनिवासाची माहिती दिली, हिरवळ फार छान आहे म्हणाली, डॉक्टर रोज येतात म्हणाली. सासूबाई समोर बसून ऐकत होत्या आणि मधेच उठून दूध बघायला गेल्या. नवरा म्हणाला, बघू. लेकीने त्या दिवशी त्याच्याशी बोलणं टाकलं. आजीला नाही नेता येत तर आपण कशाला जायचं लाह, असं तिने त्याला, वाक्याला इथल्या पोरांचं लाह लावून, तोंडावर विचारलं होतं आणि त्याने तिला तिच्या भवितव्याबद्दल ऐकवलं होतं. ती म्हणाली, "माझं फ्युचर माझ्या अंगावर नको टाकूस, बाबा." ती खोलीत निघून गेली.  

इथे कोणी म्हणेल, मग तू का नाही अडून बसलीस. अडून कुठे बसणार? सिंगापूरच्या पासची मुदत संपत आली होती. आम्ही राहिलो असतो तरी सासूबाईंचा पास आमच्याबरोबरच संपला असता. पुण्याला परत जायचं तर नवऱ्याला तिथे किनाऱ्यावरचं काम नव्हतं, त्याला पुन्हा बोटीवर चढावं लागलं असतं. सगळी उत्तरं मी उलटसुलट करून पाहिली होती. दुसऱ्यांची आयुष्यं हलवण्यात माझा हात बसलेला होता. आपलं हलवताना कळलं की सल्ला देणाऱ्याला संध्याकाळी घरी जाता येतं, हाच त्या धंद्यातला मोठा फायदा.

सामान बांधायचा दिवस आला. माणसं माझ्याच कंपनीतली, मला मॅडम म्हणणारी, त्यामुळे काच-चिनीमातीला जरा जास्तच कागद गुंडाळत होती. त्याच संध्याकाळी सासूबाईंचं पुण्याचं विमान होतं, आमचं दोन दिवसांनी. आदल्या संध्याकाळी त्या खाली जाऊन चिनी आजींबरोबर बसून आल्या होत्या. काय सांगितलं असेल त्यांनी, कुठल्या भाषेत, मी विचारलं नाही. वर आल्या तेव्हा हातात संत्र्यांची पिशवी होती आणि डोळे सुजलेले होते.

सकाळी आंघोळ करून त्यांनी नेहमीसारखी पूजा केली. घाई केली नाही. पॅकर्स दाराशी थांबले होते, त्यांना त्यांनी हातानेच थांबा म्हणून खुणावलं आणि ते थांबले. नैवेद्याला साखर दाखवली. मग त्यांनी स्वयंपाकघरातून स्टीलचा एक गोल डबा आणला आणि त्यात मूठमूठ तांदूळ ओतायला लागल्या. देव प्रवासाला निघाले की ते डब्यात तांदळावर ठेवायचे, ही आमच्याकडची रीत. मला वाटलं, त्या आमची तयारी करून देताहेत. मी लगबगीने पुढे झाले.

"आई, तांदूळ नको घालायला. धान्य चालत नाही तिकडे."

"पुण्याला चालतं," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी एकेक देव उचलायला सुरुवात केली. कुलस्वामिनीचा टाक, खंडोबाचा टाक, शाळीग्राम. सासऱ्यांच्या धुतलेल्या उपरण्याच्या तुकड्यात एकेक गुंडाळून तांदळात ठेवला. शंख ठेवला, घंटा ठेवली. आपली अन्नपूर्णा ठेवली. दोन मूर्ती तेवढ्या राहिल्या, माझे बाळकृष्ण आणि माझी अन्नपूर्णा. त्या त्यांनी उचलून माझ्या ओंजळीत दिल्या.

"हे तुझ्या माहेरचे. हे तुझ्याबरोबर."

नवरा आतल्या खोलीतून आला तेव्हा त्या डब्याचं झाकण लावत होत्या. त्याला समजायला वेळ लागला. तो म्हणाला की आई, अगं, देव आमच्याबरोबर येताहेत ना, सगळं करून घेतलंय, दाखलासुद्धा आलाय. तो हे अगदी समजुतीच्या सुरात बोलत होता. त्याला वाटत होतं की त्यांचा काही गैरसमज झालाय.

सासूबाईंचा आवाज चढला नाही. मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलंच नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही वेगळे निघालात. निघा, माझी ना नाही. पण वेगळं निघालेल्यांनी आपले टाक नवे करून घ्यायचे असतात. तिथे चांगला सोनार बघ."

वेगळं निघणं म्हणजे काय हे ज्यांच्या घरात कधी झालंय त्यांना माहीत असतं. भाऊ भांडतात, चूल दुसरी मांडतात, त्याला वेगळं निघणं म्हणतात. आमच्याकडे भांडण झालं नव्हतं. व्हिसा आला होता. सगळं नियमाप्रमाणे, हसतखेळत, बघू म्हणत चाललं होतं, आणि इतक्या महिन्यांत कोणीही न उच्चारलेला शब्द त्यांनी उच्चारला आणि तो बरोबर होता.

नवऱ्याचा चेहरा पडला. त्या चेहऱ्यात मला पहिल्यांदा लहान मुलगा दिसला आणि तरीही मला त्याची दया आली नाही.

"पण आई, मी थोरला आहे," तो म्हणाला.

"म्हणून तर तुझ्याकडे राहायला आले होते," त्या म्हणाल्या.

त्यांनी डबा पिशवीत घातला, पिशवी मांडीवर घेतली आणि दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या. विमानाला अजून खूप अवकाश होता. लेक त्यांच्या पायाशी जाऊन बसली. नवरा बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये कठड्याला टेकून खाली बघत राहिला. मी ओंजळीत दोन मूर्ती घेऊन तशीच उभी होते, त्या कुठे ठेवाव्यात ते मला कळेना.

पॅकर्समधला मुकादम आत आला. त्याने देवघराकडे पाहिलं, आत डोकावलं आणि अदबीने विचारलं, मॅडम, हे आता एम्प्टी आहे, तरी न्यायचं का. मी हो म्हणाले. देवघराला परवानगी आलेली होती.